अकरा पानांची वेल

१

कानस पुढे ढकलली की लोखंड कापते आणि मागे ओढली की स्वतःच बोथट होते. म्हणून पुढे ढकलायची, उचलायची, जागेवर आणायची, पुन्हा पुढे. एवढंच शिकायचं होतं. पाच महिन्यांत मला तेवढंही जमलं नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे याहून लाजिरवाणं बरंच आहे.

कंपनी बंद पडली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. भाडं परवडेना म्हणून बायकोच्या माहेरी राहायला आलो. खाली सासऱ्यांचं सुऱ्या करायचं वर्कशॉप, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना. सासऱ्यांचा नियम साधा होता. वर मी जावई, म्हणून "तुम्ही". खाली मी शिकाऊ, म्हणून "तू", आणि बरेचदा "अरे गाढवा".

"जिन्यावर काय म्हणायचं हो बाबा?" एकदा बायकोने विचारलं.

"जिन्यावर कशाला थांबतोय तो? एक तर वर जावं, नाही तर खाली," सासरे म्हणाले.

त्यांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची. हातही थरथरायचे, कपातला चहा बशीत सांडायचा. पण पात्याच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं की कुठे किती चुकलंय ते सुईच्या टोकाइतकं बरोबर सांगायचे. त्यांच्या सुऱ्यांची ओळखच ती होती. पात्याच्या बोथट बाजूवर, म्हणजे पाठीवर, कोरलेली वेल. गोल कानशीने एका कडेला खाच घ्यायची, मग जरा पुढे दुसऱ्या कडेला. मध्ये जे लोखंड उरतं ते वळत वळत जातं, तो देठ. मग तिधारी कानशीने प्रत्येक खाचेपाशी एक बारीक चीर, की झालं पान. एका पात्यावर वीस पानं. हे सगळं पात्याला पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून पाण्यात विझवायच्या, आधी करायचं, कारण एकदा पाणी दिलं की ते कानशीला दाद देत नाही.

मी चार पाती वाया घालवली. प्रत्येक वेळी तीच चूक. खाच घेताना घाबरून कानस मागे ओढायचो, ती घसरायची, देठ तुटायचा. सासरे तिकडे दाराजवळच्या स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "ओढलीस! करवत आहे का ती?"

पाचवं पातं हातात देताना ते ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. म्हणाले, "यावर ठरवू. जमलं तर हे सगळं तुझं. नाही जमलं तर मी विकून मोकळा होतो. गिऱ्हाईक तयार आहे."

बायको रोज सकाळी शाळेच्या ऑफिसात जायच्या आधी खाली यायची आणि माझ्या चामड्याच्या अ‍ॅप्रनची मागची दोरी बांधून द्यायची. दुहेरी गाठ. "सुटलात तर पळून जाल," म्हणायची. त्या दिवशी गाठ मारताना म्हणाली, "ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलेय मी, आमचे हे आता कारागीर झालेत म्हणून. तेवढं बघा बाई."

२

पाचव्या पात्याची चार पानं झाली, आणि चारही वाकडी. चौथ्याचा देठ जवळजवळ तुटलाच होता.

कामाच्या टेबलाला तीन खण होते. तिसरा कुणी उघडत नसे. उघडू नको असं कुणी म्हटलं नव्हतं, पण अशा गोष्टी घरात सांगाव्या लागत नाहीत. तो माझ्या मेहुण्याचा खण होता. बायकोचा दादा. चौदा वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात गेला. मी त्याला लग्नात एकदाच पाहिलं होतं. माझ्याच बांध्याचा होता, एवढंच आठवतं.

सकाळचे अकरा वाजले होते. सासरे वर आंघोळीला गेले होते. मी खण उघडला. नुसतं बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. चोर दुसरं काय सांगणार?

तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक पातं होतं. पाठीवर अकरा पानं, आणि पुढच्या नऊंसाठी आखलेल्या बारीक रेघा. असं काम मी सासऱ्यांच्या जुन्या सुऱ्यांवरही पाहिलं नव्हतं. देठ कुठेही जाड नाही की बारीक नाही. बघता बघता मला रडूच आलं, आणि रडता रडता मी माझं वाकडं पातं त्या फडक्यात गुंडाळलं आणि खण लावून टाकला.

पुढचा आठवडा मी भंगारातल्या पट्टीवर कानस चालवली. सासऱ्यांना आवाज ऐकू यावा म्हणून. भंगारावर काय, भीती नसते, हात सफाईने चालायचा. पुढे, उचल, पुढे, उचल. ते स्टुलावर बसून मान डोलवायचे. आठव्या दिवशी मी मेहुण्याचं पातं त्यांच्या हातात ठेवलं.

नख एकदा पुढे गेलं, एकदा मागे. मग पुन्हा.  

"हा हात माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं.

"आमच्या घरचा हात आहे हा. तुला लागला." त्यांनी माझं मनगट धरलं. "अकरा झाली. घाई करू नकोस. पण लेका, शाबास."

संध्याकाळी बायको आली तेव्हा त्यांनी जिन्याखालूनच ओरडून सांगितलं. ती धावत खाली आली, पातं उजेडात धरून पाहिलं, आणि सगळ्यांसमोर, म्हणजे तिच्या वडिलांसमोर, माझा हात हातात घेऊन उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तरी मी हसलो. हसलो याचीच जास्त लाज वाटते.

३

दुपारी जेवण झालं की सासरे तासभर खाली जाऊन बसायचे. खाली गारवा असतो म्हणायचे. मी वर भांडी घासायचो. अ‍ॅप्रन खाली खिळ्याला टांगलेला असायचा. गाठ न सोडता डोक्यावरून काढायचो, म्हणजे दुपारी पुन्हा तसाच घालता यायचा.

एके दिवशी नळ बंद केला आणि खालून कानशीचा आवाज आला.

खर्र-खिस्. खर्र-खिस्. मग फुंकर, कीस उडवतात तशी.

आधी मला हसू आलं. म्हातारा हट्टी, दिसत नसताना कानस घेऊन बसला असेल. पण आवाज ऐकता ऐकता हातातली थाळी तशीच राहिली. खर्र म्हणजे पुढे. खिस् म्हणजे मागे ओढणं. साठ वर्षं कानस चालवलेला माणूस मागे ओढत नाही. त्या घरात मागे ओढणारा एकच माणूस होता, आणि तो इथे वर ताट-वाट्या विसळत उभा होता.

मी खाली गेलो. तिसऱ्या पायरीवर पाय वाजला तसा आवाज थांबला. सासरे त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर, दोन्ही हात काठीवर. टेबलावरचं पातं आवळायचं व्हाइस रिकामं.

"कोण कानस चालवत होतं, बाबा?"

"भांडी झाली का रे?" ते म्हणाले.

टेबल मी सकाळी पुसलं होतं. व्हाइसखाली लोखंडाचा ताजा कीस पडला होता. चिमूटभरच, पण बोटाला लागला.

मग मी शहाण्यासारखा विचार केला. म्हाताऱ्याचे हात थरथरतात, म्हणून तो ओढत असेल. मी येतोय हे ऐकून पटकन स्टुलावर जाऊन बसला असेल. आता टेबलापासून स्टूल आठ पावलं आहे आणि सासऱ्यांना उठायलाच दोन मिनिटं लागतात, पण एखाद्याला मानायचंच असलं की तो काहीही मानतो.

४

तीन आठवडे असेच गेले. आवाज रोज दुपारी यायचा. फक्त बदलत होता. खिस् कमी होत गेलं, मग अधूनमधून, मग नाहीच. नुसतं खर्र, आणि मग शांतता. खर्र, शांतता, फुंकर.

मी मात्र अकरावरच होतो. बारावी खाच घ्यायला कानस टेकवली की हात आखडायचा. एकच चूक, आणि अकराही पानं मातीत. "सावकाश करतोय" म्हणायचो, आणि काम थांबवलं की पातं वर माझ्या पिशवीत नेऊन ठेवायचो.

एका दुपारी सासऱ्यांनी मला हाक मारून बोलावलं. तोंडावर लहान पोरासारखा आनंद होता.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "उगीच रडेल. तो तिसरा खण उघड."

मी उघडला. त्यांनी चाचपडत फडकं सोडवलं आणि पातं मांडीवर घेतलं.

"हे पोराचं. शेवटचं. अकरा पानं करून ठेवलेलं होतं. चौदा वर्षं मी रोज दुपारी यावर हात फिरवतो. रोज अकरा."

मी उघडा खण हळूच आत लोटला.

"तुझं पातं हातात घेतलं ना, तेव्हाच कळलं मला. त्याचा हात तुला आला. मग त्याच्याकडे काय उरणार, सांग? तुझा निकाल लागेपर्यंत आठवडाभर मी खण उघडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी उघडला, तर यावर चार पानं. आणि तीही वाकडी, शिकाऊ पोराच्या हातासारखी. इथेच बसून रडलो मी. म्हटलं, जावयाला मिळालं ते चांगलंच झालं, पण माझं पोरगं तिकडे रिकाम्या हाताने बसलंय. सगळं विसरलंय."

"बाबा..." मी म्हणालो.

"ऐक तर! म्हणून मी रोज इथे बसून त्याला पुन्हा शिकवायला लागलो. तोंडाने. पुढे ढकल, उचल. आधी ओढायचा, अगदी तुझ्यासारखा. मग कानशीचा आवाज यायला लागला. आता बघ." त्यांनी माझा अंगठा धरून पात्यावर ठेवला. "तेरा."

तेरा होती. पहिल्या चार वाकड्या खाचा मी ओळखल्या, त्या माझ्या होत्या. त्याच रुंद करून, वळवून कुणीतरी त्यांची पानं केली होती. पुढची नऊ स्वच्छ.

सांगायची हीच वेळ होती. बाबा, मी चोर आहे, हे माझं पातं आहे, तुमच्या मुलाचं वर माझ्या पिशवीत आहे. तीन वाक्यं. ती तोंडात आली आणि त्यांचा चेहरा बघून मी गिळून टाकली. मी स्वतःला सांगितलं की त्यांच्यासाठी गिळली.

"मेलेला माणूस तेरावर पोचला," ते हसत म्हणाले, "आणि तू धडधाकट असून अकरावर. लाज वाटू दे जरा!"

५

त्यानंतर मला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की ती पानं सासरेच करतात. ते करत असतील तर बाकी सगळं नुसतं माझं पाप होतं, आणि पाप माणसाला सांगता येतं.

मी जिन्यावर बसायला लागलो. सातव्या पायरीवरून वर्कशॉपचं दार आणि स्टूल दिसतं, टेबल भिंतीआड राहतं. रोज तेच. सासरे स्टुलावर, हात काठीवर, तोंड टेबलाकडे. "पुढे," ते म्हणायचे, आणि खर्र. "उचल." शांतता. त्यांचे दोन्ही हात मला पूर्ण वेळ दिसत होते.

म्हणजे सासरे नव्हते.

आणखी दोन पायऱ्या खाली उतरलो असतो तर टेबल दिसलं असतं. पंधरा दिवस मी उतरलो नाही. त्याला भीती म्हणा. पण मला आठवतं ते असं, की तिकडे कुणीतरी मान खाली घालून काम करतंय आणि मी इथे रिकामा बसलोय, याचीच मला आधी लाज वाटायची, भीती नंतर.

एकदा बायकोने रात्री जेवताना माझा हात पाहिला. "घट्टे पडायला लागले की हो तुम्हाला," ती कौतुकाने म्हणाली. मी तळहात पाहिला. तो कारकुनाच्या हातासारखा मऊ होता. ती माझ्याच हाताकडे बघत होती, आणि बोटाने चाचपून म्हणत होती, "हे बघा ना, इथे."

६

त्या दिवशी मी ठरवलं. पिशवीतून मेहुण्याचं पातं काढलं, शर्टाखाली धरलं आणि जिना उतरायला लागलो. खाली जायचं, टेबलावर कुणीही असो, सासऱ्यांसमोर पातं ठेवायचं आणि ती तीन वाक्यं बोलायची.

सातव्या पायरीवर थांबलो, सवयीने. मग आठवी. नववी.

खिडकीच्या काचेतून टेबलावर ऊन पडलं होतं. व्हाइसमध्ये पातं होतं. त्यावर एक माणूस पाठमोरा वाकला होता. अंगात माझा अ‍ॅप्रन, आणि पाठीवर सकाळी बायकोने मारलेली दुहेरी गाठ. मानेवरचे केस गेल्या रविवारी कापले तसेच, उजव्या बाजूला जरा वरखाली कापलेले. न्हाव्याशी मी त्यावरून वाद घातला होता.

कानस पुढे गेली. उचलली. जागेवर आली. घाई नाही की भीती नाही. चार पाती वाया घालवून, शिव्या खाऊन, पुन्हा मान खाली घालून बसलेला माणूस कसा दिसला असता, तसा तो दिसत होता.

त्याने फुंकर मारली. "झालं बाबा," तो म्हणाला. "विसावं."

आवाज माझा होता.

सासरे दचकले. "कोण? जावई, तू?"

"मीच की. रोज तर बसतो इथे."

"रोज?"

"रोज. दुसरं कोण असणार?"

सासऱ्यांनी पातं हातात घेतलं, नख फिरवलं. "शाबास," ते म्हणाले, पण तो शब्द कसाबसा निघाला. "मला आपलं वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"काही नाही रे. म्हातारा झालोय."

तेवढ्यात वरचं दार वाजलं. बायको लवकर आली होती. "अहो! आले मी. आहात का खाली?"

उत्तर मी द्यायला हवं होतं. मी तिच्या जास्त जवळ होतो, नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण शर्टाखालचं पातं पोटाला टोचत होतं, आणि पुढचं माझ्या डोळ्यांसमोर आलं. ती विचारणार, हे काय आहे? आणि हे कुणी केलंय? 

"आलोच!" तो खालून म्हणाला.

पातं घेऊन तो जिना चढायला लागला. जिना अरुंद. मी भिंतीकडे तोंड केलं, वर्गात उभं केलेल्या मुलासारखं. त्याचा खांदा माझ्या पाठीला घासला. कोमट होता, तेलाचा वास होता. तो थांबला नाही. वरून बायकोचा आवाज आला, "पुरी झाली? बघू, बघू!" आणि मग ती हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं.

७

मी खाली उतरलो. सासरे स्टुलावर तसेच बसले होते, गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. पोरगं रोज दुपारी येऊन बसतं हा त्यांचा विश्वास, पाच महिन्यांत मी त्यांचं जे जे घेतलं त्यातलं हे शेवटचं. तेही आता गेलं होतं.

मला फक्त पातं जागेवर ठेवायचं होतं. ठेवायचं, मग वर जायचं, आणि काय तो निकाल लावायचा. खरंच तसंच ठरवलं होतं. मी तिसरा खण उघडला. फडकं रिकामं होतं. मी अकरा पानांचं पातं त्यात ठेवलं.

खणाचा आवाज त्यांनी ऐकला. "कोण आहे?"

 वरून दोघांच्या बोलण्याचा, कपांचा आवाज येत होता.

त्यांनी थरथरता हात पुढे केला. मी त्यात पातं दिलं. अंगठ्याचं नख पहिल्या पानावर टेकलं आणि सरकायला लागलं. ओठ हलत होते. अकरावर आलं, पुढच्या कोऱ्या रेघांवरून एकदा गेलं, आणि परत अकरावर येऊन थांबलं.

"किती?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"अकरा," मी म्हणालो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी मी खरं बोललो.

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मी पाहिलेला तो त्यांचा सगळ्यात चांगला चेहरा. त्यावर नाही म्हणायची माझी काय लायकी?

"कुठे होतास इतके दिवस?" ते म्हणाले. "बस. बारावं राहिलंय."

मी व्हाइसमध्ये पातं आवळलं. खिळ्याला अ‍ॅप्रन नव्हता. गोल कानस घेतली, रेघेवर टेकवली. हात आखडला नाही. पुढे ढकलली, उचलली, जागेवर आणली.

"हां," सासरे डोळे मिटून म्हणाले. "तू कधीच ओढत नव्हतास, बाळा."